हात धुणें हा विटाळ नव्हे

ह्या आठवड्याच्या अभ्यासाचा आरंभ आपण आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांतील दोन गोष्टींपासून करूं.

३१ जानेवारी २०२१ रोजीं पोलिओच्या मोहिमेंत घाटंजी तालुक्यांतील एका गांवीं पांच वर्षांखालील बारा बालकांच्या तोंडांत पोलिओच्या थेंबांऐवजीं सॅनिटायझरचे, म्हणजे हात निर्जंतुक करण्याच्या औषधाचे, थेंब घातले गेले. त्या बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत न्यावें लागलें. सुदैवानें तीं सर्व वांचलीं. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत, टाळेबंदीमुळें दारूचीं दुकानें बंद असतां, वणी येथें सात माणसें सॅनिटायझर दारूच्या जागीं प्यालीं व प्राणांस मुकलीं. जें औषध लोकांचे जीव वांचविण्यासाठीं घरोघरीं आलें, तेंच एका वर्षांत आपल्या जिल्ह्यास दोनदां रडवून गेलें. बाटली आपल्या हातीं आली होती. तिच्यामागील ज्ञान मात्र हातीं आलें नव्हतें.

तिसरी गोष्ट कोणत्याही वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं. परंतु खेड्यांतून फिरतांना आम्हीं ती पुष्कळदां ऐकिली आहे. एखादी वृद्ध बाई आरोग्य केंद्रांत जाते. परिचारिका तिची नाडी पाहते, पोट चांचपते, आणि लगेच नळाशीं जाऊन हात धुते. बाई घरीं येऊन सुनेला म्हणते, “आपला हात लागला म्हणून बाईनं हात धुतले गं. दिवस बदलले म्हणतात, पण कशाचे!” आणि पुढल्या वेळीं अंगांत ताप असला तरी ती केंद्राची पायरी चढत नाहीं.

हें बोलणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. आपल्यांतील पुष्कळांच्या आज्यापणज्यांस गांवच्या विहिरीला शिवण्याची मुभा नव्हती. त्यांचा स्पर्श झाला म्हणजे लोक स्नान करीत. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता मोडिली. परंतु ज्या घराण्यांनीं ती सोसली त्यांच्या मनांतील घाव कायद्याच्या एका कलमानें भरून येत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांना शिवून लोकांनीं हात धुतले, त्यांना हात धुणाऱ्याचा संशय यावा ह्यांत नवल कोणतें?

म्हणून ह्या पाठांत आम्ही दोन गोष्टी एकत्र मांडूं इच्छितों. रुग्णालयांत रोग कोणत्या वाटांनीं एका माणसापासून दुसऱ्याकडे जातो, ही पहिली. आणि त्या वाटा अडविण्याच्या रीतींचा विटाळाशीं कांहींएक संबंध कां नाहीं, ही दुसरी. पहिली नीट समजली म्हणजे दुसरी समजण्यास वेळ लागणार नाहीं.

१. बरें होण्याच्या जागीं रोग कां पसरतो?

आपण कपाशी पिकविणारे लोक आहों. बोंड बाहेरून हिरवें, टणक व निरोगी दिसतें, आणि आंत गुलाबी अळी सरकी खात बसलेली असते, हें २०१७ च्या हंगामांत आपल्या जिल्ह्यानें डोळ्यांनीं पाहिलें. एका शेतांतील अळी त्या शेताच्या धुऱ्यापाशीं थांबत नाहीं. तिचा पतंग होतो व तो शेजाऱ्याच्या शेतांत उतरतो. रोगजंतूंचेंही असेंच आहे. हात पाहावा तर स्वच्छ, सुई पाहावी तर चकचकीत, हवा पाहावी तर निर्मळ. परंतु जंतु डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तो नाहीं असें होत नाहीं.

रुग्णालयांत तर नाना प्रकारचे रोगी एका छपराखालीं येतात. त्यांचीं शरीरें आधींच थकलेलीं असतात. कोणाची जखम उघडी असते, कोणाच्या शिरेंत सलाईनची नळी असते, कोणी कालच जन्मलेलें बाळ असतें. शरीराची जी कातडी एरवीं कोटाप्रमाणें रक्षण करिते, तिला तेथें जागोजागीं दारें पडलेलीं असतात. शिवाय रुग्णालयांत जंतुनाशक औषधें फार वापरलीं जात असल्यामुळें जे चिवट जंतु त्यांतून वांचतात, तेच मागें उरतात व वाढतात. मग साध्या औषधास ते दाद देत नाहींत. आणि सर्वांत मोठें कारण हें कीं, एकच डॉक्टर, एकच परिचारिका व एकच सफाई-कामगार दिवसभर एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत फिरत असतात. रोग्याला उठून दुसऱ्याकडे जाण्याचें बळ नसतें. त्याचा जंतु मात्र दुसऱ्याच्या हातावर बसून प्रवास करितो.

ह्या प्रवासाच्या मुख्य वाटा तीन आहेत : हात, हत्यार व हवा. त्यांचा विचार आपण क्रमानें करूं.

२. पहिली वाट : हात

युरोपांतील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयांत १८४० नंतरच्या वर्षांत बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यांत डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यांत सुइणी करीत. पहिल्या विभागांत बाळंतज्वरानें सरासरी १०० बायांमागें सुमारें १० दगावत, तर दुसऱ्यांत ४ हून कमी. गांवांतील गरीब बायांना हें ठाऊक होतें. पहिल्या विभागांत पाठवूं नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवणी करीत. विद्वानांच्या हातून अधिक बाया मराव्या व सुइणींच्या हातून कमी, हें कोडें तेथील एक तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस ह्यांस झोप येऊं देईना.

१८४७ च्या मार्च महिन्यांत त्यांचे एक डॉक्टर स्नेही वारले. प्रेताची चिरफाड चालू असतां एका विद्यार्थ्याचा चाकू त्यांच्या बोटाला लागला होता. त्यांच्या शरीरांत जीं चिन्हें दिसलीं, तीं बाळंतज्वरानें मेलेल्या बायांच्या शरीरांतील चिन्हांशीं जुळत होतीं. सेमेलवाइस ह्यांच्या मनांत प्रकाश पडला. डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं प्रेतें तपासीत आणि त्याच हातांनीं बाळंतिणींस तपासीत. सुइणी प्रेतांस हात लावीत नसत. मग त्यांनीं मे महिन्यांत असा नियम केला कीं, ब्लीचिंग पावडरसारख्या चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्यावांचून कोणीही बाळंतिणीस शिवूं नये. एप्रिलमध्यें त्या विभागांत १०० बायांमागें १८ हून अधिक मेल्या होत्या. जून महिन्यांत हें प्रमाण २ च्या जवळपास आलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ हात धुणें.

ह्यापुढील भाग आपल्या विषयास फार जवळचा आहे. पुष्कळ डॉक्टरांना ह्या नियमाचा राग आला. आमच्या हातांनीं बाया मरतात असें म्हणणें हा त्यांना आपला अपमान वाटला. सेमेलवाइस ह्यांचें म्हणणें त्यांच्या हयातींत सर्वमान्य झालें नाहीं. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर ह्यांनीं कार्बॉलिक अॅसिडनें जखमा निर्जंतुक करण्याचा प्रयोग आरंभिला, आणि लुई पाश्चर ह्यांच्या शोधांमुळें जंतूंचें अस्तित्व सिद्ध झाल्यावर जगानें तोंडांत बोट घातलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. हात धुण्याचा नियम निघाला तेव्हां अशुद्ध कोण ठरला? ती गरीब बाळंतीण नव्हे. अशुद्ध ठरला तो डॉक्टरांचा हात. विटाळ मानणारा म्हणे, “तुझ्या स्पर्शानें मी बाटलों.” हात धुणारा डॉक्टर म्हणतो, “माझ्या स्पर्शानें तुला अपाय न होवो.” हीं दोन वाक्यें एकमेकांच्या अगदीं उलट आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग नेमून दिले, ते पाठ करण्याजोगे आहेत : रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं, जखम बांधणें, सलाईन लावणें अशा निर्जंतुक कामापूर्वीं, रक्त, पू, लघवी वगैरे हातास लागण्याचा संभव घडल्यावर, रोग्यास स्पर्श केल्यानंतर, आणि रोग्याच्या खाटेस, भांड्यास किंवा अंथरुणास हात लागल्यानंतर. ह्यांतील पहिले दोन प्रसंग स्पर्शाच्या आधींचे आहेत. त्या वृद्ध बाईनें परिचारिकेस मागाहून हात धुतांना पाहिलें. परंतु तिच्या आधीं तपासलेल्या रोग्याचा जंतु तिला लागूं नये म्हणूनही ते हात धुतलेले असावयास पाहिजेत. ते धुतले नसतील तर तसें नम्रपणें सांगण्याचा तिला अधिकार आहे.

आतां सॅनिटायझरविषयीं. चांगल्या सॅनिटायझरमध्यें १०० भागांत ६० हून अधिक भाग अल्कोहोल असतें. हातावर पुरेसें घेऊन तळवे, हातांची पाठ, बोटांच्या सांदी, नखें व अंगठे ह्यांस वीस ते तीस सेकंद चोळावें व तें आपोआप सुकूं द्यावें. हात डोळ्यांस दिसण्याइतके मळले असतील तर तेथें त्याचा उपयोग होत नाहीं. साबण व पाणी घेऊन चाळीस ते साठ सेकंद हात धुवावे. शौचास जाऊन आल्यावर व हगवणीच्या रोग्याची सेवा केल्यावर साबणच बरा, कारण कांहीं जंतु अल्कोहोलनें मरत नाहींत. रबरी हातमोजे घातले म्हणून हात धुणें चुकत नाहीं. मोजे न बदलतां दोन रोग्यांस शिवणें हें मळक्या हातानें शिवण्यासारखेंच आहे.

तें तोंडांत घालण्याचें औषध नव्हे, हें तर घाटंजी व वणी येथील गोष्टींनीं शिकविलेंच आहे. म्हणून ज्या बाटलीवर नांवाची चिठ्ठी नाहीं, ती औषधाची बाटली समजूं नये. आणि लहान मुलास कोणतेंही औषध पाजण्यापूर्वीं देणाऱ्यानें चिठ्ठी वाचावी व आईनेंही ती वाचून घ्यावी.

३. दुसरी वाट : सुई व हत्यार

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मालकोवाल ह्या खेड्यांत १०७ जणांस प्लेगची लस टोंचण्यांत आली. ही लस डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांच्या मुंबईंतील परळच्या प्रयोगशाळेंत तयार झाली होती. त्या १०७ पैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं, आणि त्या सर्वांस एकाच बाटलींतील लस दिलेली होती. दोष प्रयोगशाळेवर आला. हाफकिन ह्यांस आपल्या कामास मुकावें लागलें. पुढें पुराव्याची छाननी होऊन असें दिसून आलें कीं, बाटली उघडतेवेळीं मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करितांच त्यानें बूच काढिलें होतें. १९०७ सालीं हाफकिन ह्यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ सालीं त्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें, व आजही परळची हाफकिन संस्था त्याच नांवानें चालते.

धनुर्वाताचे जंतु माती व शेणखत ह्यांत बीजरूपानें असतात. हें बीज इतकें कठीण कीं, साध्या उकळत्या पाण्यानेंही त्याचा भरंवशानें नाश होत नाहीं. म्हणूनच रुग्णालयांत हत्यारें आधीं घासून धुतात व मग दाबाखालील वाफेच्या यंत्रांत १२१ अंश उष्णतेंत ठेवितात. आधीं धुणें व मग वाफ, हा क्रम चुकतां कामा नये. कारण वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखालीं जंतु सुरक्षित राहतो.

सुईची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. कावीळ ब, कावीळ क व एड्स ह्या रोगांचे विषाणु रक्तांतून जातात. कावीळ ब चा विषाणु तर शरीराबाहेर वाळलेल्या रक्तांत निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो. २००९ सालीं गुजराथेंतील मोडासा येथें वापरलेल्या सिरिंज पुन्हां वापरल्यामुळें कावीळ ब ची सांथ पसरून अनेकांचे प्राण गेले. आपल्या खेड्यांतून “सुई घेतल्याशिवाय गुण येत नाहीं” अशी समज आहे, आणि ती ओळखून बाजाराच्या दिवशीं पिशवी घेऊन फिरणारे बिनपदवीचे वैद्य एकाच सुईनें दहाजणांना टोंचतात. बंधुभगिनींनो, जें काम गोळीनें होतें त्यासाठीं सुई मागूं नका. सुई घ्यावीच लागली तर नवें पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगा. हें सांगणें उद्धटपणा नव्हे. सरकारी लसीकरणांत तर अशा सिरिंज वापरतात कीं, एकदां दाबल्यावर त्यांचा दट्टया अडकतो व त्या पुन्हां भरतांच येत नाहींत.

वापरलेल्या वस्तूंची विल्हेवाट हाही ह्याच वाटेचा भाग आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणें रुग्णालयांतील कचऱ्यास चार रंग नेमले आहेत : रक्तानें भिजलेला कापूस व पट्ट्या ह्यांस पिवळा, नळ्या वगैरे प्लास्टिकच्या वस्तूंस लाल, सुया व पातीं ह्यांस न टोंचणारा पांढरा डबा, आणि कांचेस निळा. वार्डांत बसलेल्या नातलगांनीं केळ्याची साल पिवळ्या डब्यांत व वापरलेली पट्टी साध्या केरांत टाकिली, तर ती पट्टी पुढें सफाई-कामगाराच्या उघड्या हातांत जाते. त्याच्याही घरीं लेकरें आहेत.

घरीं किंवा केंद्रांत बाळंतपण झालें तरी हाच नियम. बाळाची नाळ नव्या, निर्जंतुक पात्यानेंच कापावी; तिच्यावर शेण, राख, हळद कांहीं लावूं नये; ती स्वच्छ व कोरडी ठेवावी. गरोदर बाईस धनुर्वाताची लस देणें व बाळंतपण स्वच्छ हातांनीं करणें, ह्या उपायांनीं बाळाच्या धनुर्वाताचें भारतांतून निवारण झाल्याचें २०१५ सालीं मान्य करण्यांत आलें. एके काळीं ज्या रोगानें घरोघरचे पाळणे रिकामे केले, तो असा हटविला गेला.

४. तिसरी वाट : हवा

स्वयंपाकघरांत मिरचीची फोडणी पडली कीं ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठसका लागतो. त्यानें फोडणीला हात लाविलेला नसतो. हवेनें ती त्याच्याकडे आणिली. क्षयाचा रोगी खोकला म्हणजे असेंच होतें. त्याच्या तोंडांतून निघालेले अतिसूक्ष्म कण सुकून हवेंत कित्येक तास तरंगत राहतात, व त्या खोलींत श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसांत उतरतात. गोवर व कांजिण्या ह्याही हवेनें पसरतात. कोविडचें पसरणें तर आपण सर्वांनीं सोसलेंच. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती व यवतमाळ ह्या भागांत त्याचा जोर पुन्हां वाढला व निर्बंध आले, हें पुष्कळांस आठवत असेल.

ह्या वाटेवरील पहिला पहारेकरी म्हणजे उघडी खिडकी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या म्हणजे हवा वाहती राहते व कण बाहेर जातात. सूर्यप्रकाशही जंतूंस मारक आहे. थंडीच्या दिवसांत वार्डांत रात्रीं नातलग खिडक्या लावून घेतात, हें आम्हीं पाहिलें आहे. रोग्यास पांघरूण वाढवा, परंतु खिडकी लावूं नका. दुसरा पहारेकरी म्हणजे तोंडावरील मास्क. तो नसल्यास रुमाल, पदर किंवा निदान हाताचा कोंपरा. तिसरा म्हणजे खोकणाऱ्यास आधीं निराळें बसविणें. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यानें रांगेंत तासभर न बसतां आपण होऊन तसें सांगावें, म्हणजे त्याची तपासणी लवकर होते व शेजारी बसलेली पोटुशी बाई वांचते.

येथें पुन्हां तोच घाव दुखावतो. “मला निराळें बसविलें” ह्या शब्दांत आपल्या लोकांस शतकांची कथा ऐकूं येते. परंतु निराळें ठेवणें व वाळींत टाकणें ह्यांत फरक आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें परचुरे शास्त्री नांवाचे संस्कृताचे पंडित कुष्ठरोगानें पीडित होऊन राहिले होते. त्यांची झोपडी निराळी होती. पण महात्मा गांधी स्वतः जाऊन आपल्या हातांनीं त्यांचें अंग चोळीत. वाळींत टाकणारा निघून जातो. जपणारा रोगाची वाट अडवितो व पुन्हां रोग्यापाशीं येऊन बसतो. शिवाय निराळें ठेवणें हें ठराविक काळापुरतें असतें. क्षय असो कीं कुष्ठरोग, योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस होणारा संसर्ग लवकरच ओसरतो. मग त्यास पंगतींत न बसविणें हा नुसता द्वेष होय; त्यास आरोग्यशास्त्राचा आधार नाहीं.

५. सर्वांस एकच नियम

पूर्वीं असें होई कीं, ज्याच्याविषयीं संशय त्याच्यापुरतीच सावधगिरी. एड्सचा रोग पुढें आल्यावर, १९८५ च्या सुमारास, ही रीत चुकीची ठरली. कारण चेहरा पाहून कोणाच्या रक्तांत काय आहे हें कळत नाहीं. तेव्हांपासून असें ठरत गेलें कीं, प्रत्येकाचें रक्त सारखेंच सावधगिरीनें हाताळावें. पाटील असो कीं मजूर, डॉक्टरांचा भाऊ असो कीं अनोळखी वाटसरू, सर्वांस एकच मोजा, एकच साबण, एकच नियम.

विटाळ माणसांत भेद करितो. हा नियम भेद करूं देत नाहीं. विटाळ जन्मापासून मरणापर्यंत चिकटतो. जंतु साबणानें जातो. विटाळ दुबळ्यास दूर लोटितो. हा नियम दुबळ्यास, म्हणजे कालच्या बाळाला व आजच्या बाळंतिणीला, मध्यभागीं ठेवून तिच्याभोंवतीं कुंपण घालितो. म्हणून जेथें एखादी परिचारिका कांहींजणांस शिवून हात धुते व कांहींजणांस शिवून धूत नाहीं, तेथें तुम्हीं खुशाल विचारावें. परंतु जी सर्वांस शिवण्यापूर्वीं व शिवल्यानंतर धुते, तिचे आभार माना.

६. सेवा करणाऱ्याचें रक्षण

१८९७ सालीं पुण्याकडे प्लेगचा कहर चालू असतां सावित्रीबाई फुले ह्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनीं हडपसराजवळ रोग्यांसाठीं दवाखाना उघडिला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांतील मुलगा प्लेगनें आजारी असल्याचें कळतांच सावित्रीबाईंनीं त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणिलें. त्यांस प्लेगनें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्या मुलाला शिवणें लोक पाप मानीत, त्याला पाठीवर घेणाऱ्या ह्या माउलीपुढें आपण नतमस्तक होतों. परंतु अशा माउलीचा प्राण वांचविण्याचें साधन त्या काळीं फारसें नव्हतें, आज आहे. आज आपल्या गांवची आशाताई किंवा परिचारिका मास्क व मोजे घालून दारीं आली, तर ती आपला तिरस्कार करिते असें समजूं नका. ती आजारी पडली तर उद्यां तिच्या वांट्याच्या सगळ्या घरांत रोग जाईल, आणि त्या घरांना औषध आणून देणारें कोणी उरणार नाहीं.

७. आपल्या गांवानें काय करावें

हें सर्व डॉक्टरांचें काम, आपण खेडवळ लोक काय करणार, असें कोणी म्हणेल. विदर्भांतच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ह्याचें उत्तर दिलें आहे. १९९५ पासून ३९ खेड्यांत गांवच्याच बायांना त्यांनीं नवजात बाळाची निगा शिकविली : हात धुऊन बाळास घेणें, त्यास ऊब देणें, जंतुदोषाचीं चिन्हें ओळखणें व वेळेवर औषध देणें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें तेथें नवजात बाळांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. थोडें शिकलेल्या बायांच्या धुतलेल्या हातांनीं हें केलें. मग आपल्या मंडळ्यांस पुढील गोष्टी अवघड कां वाटाव्या?

पहिली : रोग्याबरोबर रुग्णालयांत एकच माणूस राहावें. प्रेमानें पंधराजण टेम्पोंत बसून जातात व आळीपाळीनें रोग्याच्या खाटेवर बसतात. त्या प्रेमाबरोबर गांवचे जंतु आंत जातात व वार्डांतले जंतु गांवीं येतात. ज्यास सर्दी, खोकला, हगवण किंवा अंगावर फोड आहेत त्यानें जाऊंच नये. लहान मुलांस नेऊं नये.

दुसरी : भेटणाऱ्यानें आंत जातांना व बाहेर येतांना हात धुवावे. जखमेवरची पट्टी किंवा सलाईनची नळी ह्यांस आपण हात लावूं नये.

तिसरी : बाळंतिणीस व बाळास पाहावयास जाणाऱ्यांनीं हात धुतल्याशिवाय बाळ उचलूं नये, व त्याचे मुके घेऊं नयेत. बाळास जन्मापासून चोवीस तासांचे आंत कावीळ ब ची लस मिळाली कीं नाहीं, हें बापानें विचारावें.

चौथी : डॉक्टरांनीं दिलेलें जंतुनाशक औषध सांगितलें तितके दिवस पुरें घ्यावें, न सांगतां दुकानांतून घेऊं नये. अर्धवट औषधानें चिवट जंतु तयार होतात, व ते आपल्याबरोबर शेजाऱ्यांचाही घात करितात.

पांचवी : सभागृहाच्या दाराशीं पाण्याची बादली, तांब्या व साबण ठेवावा, आणि हात कसे धुवावे हें पुढाऱ्यांनीं स्वतः करून दाखवावें. सॅनिटायझर असल्यास तें मुलांच्या हातीं न लागेल अशा उंच जागीं, चिठ्ठीसह ठेवावें.

उपदेशकांस आमची विशेष विनंती आहे. आजाऱ्यांस भेटणें हें तुमचें रोजचें काम आहे. एका दिवसांत तुम्ही पांच घरीं, पांच खाटांपाशीं बसतां. सेमेलवाइस ह्यांच्या वेळच्या डॉक्टरांप्रमाणेंच तुमचेही हात एका घरांतून दुसऱ्या घरांत जातात. प्रत्येक भेटीपूर्वीं पाणी मागून घ्या, घरच्यांदेखत हात धुवा, व मग आजाऱ्याचा हात हातांत घ्या. घरच्या वृद्ध बाईनें विचारिलें, “महाराज, आमच्या घरांत शिरण्याआधींच हात कां धुतां?” तर तिला सांगा, “आई, बाहेरची घाण तुमच्या लेकराला लागूं नये म्हणून.” तिच्या मनांतील जुना घाव कोणत्याही व्याख्यानापेक्षां ह्या एका उत्तरानें लवकर भरेल.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. रुग्णालयांत रोग कोणत्या तीन वाटांनीं पसरतो? प्रत्येकीचें एक उदाहरण आपल्या गांवांतून सांगा.
२. व्हिएन्नाच्या रुग्णालयांत सुइणींच्या विभागांत कमी बाया कां मरत?
३. मालकोवाल येथील १९ मृत्यूंस कोणती लहानशी चूक कारण झाली?
४. हात धुण्याच्या पांच प्रसंगांपैकीं स्पर्शापूर्वींचे दोन कोणते?
५. सॅनिटायझर केव्हां चालतो व केव्हां साबणच पाहिजे?
६. निराळें ठेवणें व वाळींत टाकणें ह्यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा. आपल्या गांवांत कोणी बरा होऊनही अजून वाळींत आहे काय? असल्यास ह्याच आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?